मदत हवी आहे: ‘नाइस’ची जुनी वाक्यं

नमस्कार मंडळी, अकरावीच्या मुलांना ‘नाइस’ या इंग्रजी विशेषणाचा प्रवास सांगायचाय. मूळ लॅटिन ‘नेस्कियुस’, म्हणजे अडाणी. त्यातला ‘स्किरे’ म्हणजे जाणणे. ‘सायन्स’ही त्याच घरातला, ही गंमत मुलांना आवडेलच. १३००च्या सुमारास जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो चक्क ‘मूर्ख’ या अर्थाने. मग लाजाळू, चोखंदळ, काटेकोर असं करत १८व्या शतकात ‘छान’ झाला. ‘अ नाइस डिस्टिंक्शन’मध्ये मात्र अजून ‘सूक्ष्म’च.

घोडं अडलंय ते मधल्या टप्प्यावर. चोखंदळपणाचा अर्थ स्पष्ट दिसेल अशी १७व्या-१८व्या शतकातली दोन-तीन वाक्यं कुणी सुचवाल का? शब्दकोशातली उदाहरणंही चालतील, फक्त अकरावीला झेपतील अशी हवीत. सोमवारी तास आहे.