मिळवण्याची ओढ आणि गमावण्याची धास्ती: एका आकड्यात मावत नाही

माणूस एकतर मिळवण्यामागे धावणारा असतो, नाहीतर गमावण्याला भिणारा, आणि एका चाचणीतून ते कळतं, असं बऱ्याचदा म्हटलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. मानसशास्त्रज्ञ टोरी हिगिन्स यांनी १९९७ साली या दोन प्रेरणांची मांडणी ('रेग्युलेटरी फोकस') केली, तेव्हापासून त्या वेगळ्या मानल्या जातात. एकाच माणसात दोन्ही जोरकस असू शकतात.

खरी गोम प्रश्नावलीत आहे. हिगिन्स आणि सहकाऱ्यांच्या २००१ च्या प्रश्नावलीत ११ प्रश्न आहेत: सहा मिळवण्याच्या बाजूचे, पाच जपण्याचे, म्हणजे गमावणं टाळण्याचे. पण त्यातले बरेचसे भूतकाळाबद्दल विचारतात. लहानपणी आईवडिलांनी घालून दिलेले नियम तुम्ही किती पाळले, बेसावधपणामुळे कधी अडचणीत आलात का. म्हणजे जपून वागणं तुम्हाला आजवर किती साधलं, हे मोजलं जातं. याउलट लॉकवूड, जॉर्डन आणि कुंडा या संशोधकांची २००२ ची १८ विधानांची मोजपट्टी विचारते, सध्या मनात काय घोळतं: अपयश टाळणं की यश गाठणं?

आता बघा, सतत नापास होण्याच्या धास्तीत असलेला, पण पूर्वी नियम मोडून बऱ्याचदा अडकलेला विद्यार्थी. जपण्याच्या बाबतीत हिगिन्स यांच्या प्रश्नावलीत त्याला कमी गुण, लॉकवूड यांच्या मोजपट्टीत भरपूर. मग त्याला कुठल्या खान्यात टाकायचं?

शिवाय प्रयोगात नुसती सूचना बदलली, 'इतके गुण मिळवा' ऐवजी 'इतके गमावू नका', तरी तेवढ्यापुरता कल बदलू शकतो. म्हणून निकाल वाचताना कुठली प्रश्नावली वापरली, हे मी आधी बघते.