बर्मिंगहॅमला टपालाने मत देता येते, मग सोलापूर महापालिकेला का नाही?

होटगी रोडकर (मूळ धागा)

माझी मुलगी नोकरीनिमित्त इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला राहते. ती भारतीय नागरिकच आहे, तरी राष्ट्रकुलातील देशाची नागरिक आणि तिथली कायदेशीर रहिवासी म्हणून तिला तिथल्या नगर परिषदेच्या निवडणुकीत मत देता येते, आणि तेही घरबसल्या. मतदानाच्या ११ कामकाजी दिवस आधी सायंकाळी पाचपर्यंत अर्ज करायचा. त्यात जन्मतारीख, राष्ट्रीय विमा क्रमांक आणि सही द्यायची. टपालाने मत का द्यायचे आहे, याचे कारण कोणी विचारत नाही. मग मतपत्रिका घरी येते. खूण करून ती ‘ए’ पाकिटात घालायची, जन्मतारीख आणि सही असलेले निवेदन वेगळे ठेवायचे, आणि दोन्ही ‘बी’ पाकिटात घालून तिकीट न लावता टपालपेटीत टाकायचे. मतदानाच्या दिवशी रात्री दहापर्यंत पाकीट पोहोचले आणि सही व जन्मतारीख अर्जाशी जुळली, की मत मोजणीला जाते.

इकडे १५ जानेवारी २०२६ रोजी सोलापूर महापालिकेच्या मतदानासाठी ८७ वर्षांच्या माझ्या आईला केंद्रावर न्यावे लागले. २०२४ च्या विधानसभेला हीच बाई घरच्या खोलीत बसून मत देऊन मोकळी झाली होती. महापालिकेला ती सोय नाही. शाळेच्या फाटकातल्या खडीत चाकाच्या खुर्चीची पुढची चाके रुतली, दोन तरुणांनी खुर्ची तिच्यासकट उचलली, आणि तिने लाजेने पदर तोंडाला लावला. आत प्रभागातल्या चार जागांसाठी चार बटणे दाबायची होती. चौथ्या बटणापर्यंत तिचा हात थरथरत होता. महापालिकेलाही टपाली मतदान सर्वांना खुले केले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जोडभावीकर

आपल्या मातोश्रींना झालेल्या त्रासाबद्दल मनापासून वाईट वाटते. परंतु उदाहरण द्यायला आपण नेमके बर्मिंगहॅम निवडले, म्हणून सविस्तर लिहिणे भाग आहे. इंग्लंडमध्ये कारण न विचारता टपाली मत देण्याची मुभा २००० च्या कायद्याने मिळाली आणि २००४ मध्ये याच बर्मिंगहॅमच्या परिषद निवडणुकीत टपाली मतांचा एवढा मोठा गैरव्यवहार झाला की, २००५ मध्ये न्यायाधीश रिचर्ड मॉरी यांनी बोर्डस्ली ग्रीन आणि ॲस्टन या दोन प्रभागांतील निकाल रद्द ठरवले. सहा नगरसेवकांची पदे गेली. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २०२२ च्या कायद्याने, प्रचारकांना इतरांची टपाली मते हाताळण्यास मनाई झाली. आता केंद्रावर नेऊन द्यायची असल्यास स्वतःच्या मताखेरीज फार तर पाच जणांची पाकिटे देता येतात. जिथे ही बंधने घालायला दोन दशके लागली, तिथली पद्धत आपण आपल्या पेठांमध्ये थेट आणावी, असे आपण कसे म्हणता?

दुसरे म्हणजे वेळापत्रक पाहा. उमेदवारी मागे घेण्याची मुदत २ जानेवारीला संपली, ३ तारखेला चिन्हे मिळाली आणि १५ ला मतदान झाले. या १२ दिवसांत २६ प्रभागांतल्या सगळ्या जागांच्या वेगवेगळ्या मतपत्रिका छापायच्या, टपालाने पाठवायच्या, त्या मतदाराने भरायच्या आणि परत यायच्या. ऐन सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत पोस्टमन जोडभावी पेठेतून पाकिटे घेऊन कसा फिरणार होता? आमच्याकडे साधे वीजबिलसुद्धा मुदत उलटल्यावर हातात पडते.

विडी घरकुलची लेक

मी जोडभावीकरांशी सहमत आहे, पण माझे कारण वेळापत्रकाचे नाही. माझी आई आयुष्यभर घरात विड्या वळत आली. पान-तंबाखू विडी कारखान्याच्या कोणत्या ब्रँचमधून आणायचा, पगाराचे पैसे कोणाच्या हातात द्यायचे, हे सगळे दुसऱ्यांनी ठरवले. निवडणूक आली की आमच्या घरात आजोबा चिन्ह सांगत असत आणि सगळ्यांनी मान डोलवायची असे. पण केंद्रावर पुठ्ठ्याच्या आडोशामागे आई एकटी असे. तिने कोणाला मत दिले हे तिने मलाही कधी सांगितले नाही, आणि मी विचारलेही नाही.

ती मतपत्रिका घरी आली असती, तर ती सुपात विड्यांच्या शेजारी पडली असती आणि आजोबांनीच तिच्यावर खूण केली असती. होटगी रोडकर काका, तुमच्या मुलीच्या बर्मिंगहॅमच्या घरात ती एकटी राहते. आमच्याकडे एका खोलीत सात माणसे राहतात. गुप्त मतदान आमच्या बायकांना फक्त केंद्रावर मिळते.

निवृत्त केंद्राध्यक्ष

दोन वेगळ्या गोष्टींची येथे गल्लत होत आहे. विधानसभेला ८५ वर्षांवरील मतदार आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेले मतदार नमुना १२-ड भरून जे मत देतात, ते कागदोपत्री टपाली मत असले तरी पोस्टमनचा त्याच्याशी संबंध नसतो. मतदान अधिकाऱ्यांचे पथक घरी जाते, सोबत चित्रीकरण करणारा असतो, उमेदवारांच्या प्रतिनिधींना आधी कळवलेले असते, आणि मतदार आडोशाला खूण करून पाकीट बंद करून देतो. पहिल्या भेटीत मतदार सापडला नाही तर पथक एकदाच पुन्हा जाते. एकदा हा पर्याय घेतला की केंद्रावर मत देता येत नाही. पूर्वी वयाची अट ८० होती, मार्च २०२४ मध्ये ती ८५ झाली. या बदलाने कितीतरी वृद्धांना पुन्हा रांगेत उभे केले, याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

महापालिकेला टपाली मतपत्रिका मिळते ती निवडणूक कामावरच्या कर्मचाऱ्यांना. वृद्धांना केंद्रावर प्राधान्याने आत सोडा, एवढीच सूचना असते. ते पुरेसे नाही.

वाकडमधला सोलापूरकर

वृद्धांचे ठीक आहे, पण आम्हा हजारो सोलापूरकरांचे काय? शिकलो सोलापुरात, नोकरी मात्र पुण्यात, कारण गिरण्या बंद पडल्यावर शहरात दुसरे काही उभेच राहिले नाही. सोलापूरच्या घराचा मिळकतकर मी भरतो. आई-वडील तिथेच राहतात, चार-चार दिवसांनी येणारे पाणी तेच पिंपांत भरून ठेवतात. यात्रेच्या गर्दीत रेल्वेचे तिकीट मिळाले नाही म्हणून माझे मत बुडाले. टपाली मत खरे तर आम्हाला हवे आहे.

जोडभावीकर

आपल्याला तर अजिबात नको. आपण पाच दिवस तिथे, सणाला इथे, आणि नगरसेवक निवडणार आमचा? गटार तुंबल्यावर त्याच्या दारात आम्ही जातो. त्याच १५ जानेवारीला, आपले वाकड ज्यात येते त्या पिंपरी-चिंचवड महापालिकेचेही मतदान होते आणि सुट्टीही होती. वाकडच्या पत्त्यावर नाव नोंदवायला आपल्याला कोणी अडवले होते? १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २० स्पष्ट सांगते की, केवळ घर मालकीचे आहे म्हणून माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही.

वाकडमधला सोलापूरकर

त्याच कलमात पुढे असेही आहे की, तात्पुरते बाहेर गेल्याने माणसाचे रहिवासीपण संपत नाही. ते वाक्य वगळून कायदा शिकवू नका. भाड्याच्या खोलीत ११ महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याने दर करारागणिक मतदारसंघ बदलावा काय? शहर सोडावे लागले हा आमचा गुन्हा आहे, असे आपल्या सुरातून वाटते आणि ते संतापजनक आहे.

जोडभावीकर

गुन्हा कोणी म्हटले नाही. पण तात्पुरते म्हणजे किती? मुले तिथल्या शाळेत, शिधापत्रिका तिथली, आणि मत मात्र इथे. आमच्या प्रभागाच्या यादीत अशी नावे ढिगाने आहेत. उमेदवार त्यांच्यासाठी पुण्याहून बस सोडतात, आणि त्या बसचे पैसे पुढे कोणाकडून वसूल होतात, हे आम्हाला दिसते. अशांच्या पत्त्यावर मतपत्रिका पाठवली तर बससुद्धा लागणार नाही.

वाकडमधला सोलापूरकर

माझे पैसे कोणी भरले नाहीत आणि मी कोणाच्या बसमध्ये बसलो नाही. हा आरोप मागे घ्यावा.

जोडभावीकर

तुमच्यापुरता मागे घेतो. यादीतील नावांविषयी मी बोललो ते कायम आहे.

होटगी रोडकर

विषय माझ्या आईच्या खुर्चीपासून कुठल्या कुठे गेला. विडी घरकुलच्या ताईंनी जे लिहिले, ते मला खोडता येत नाही. सर्वांसाठी टपाल नको, इथपर्यंत मी येतो. पण मग विधानसभेला जे पथक आमच्या घरी आले, ते महापालिकेला का येऊ शकत नाही, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. १२ दिवस पोस्टाला पुरणार नाहीत हे मान्य. घरोघर जाणाऱ्या पथकाला मतपत्रिका छापून मिळाल्यावर चार दिवसही पुरतील. कर्मचाऱ्यांसाठी त्या छापाव्याच लागतात.

विडी घरकुलची लेक

पथक येत असेल तर माझी एक अट आहे. मतदार खूण करत असताना घरातल्या इतर माणसांनी खोलीबाहेर थांबले पाहिजे, आणि मदतनीस लागणार असेल तर तो कोण हे मतदाराने स्वतः सांगितले पाहिजे, मुलाने किंवा सुनेने नव्हे. चार जागांची चार मते असतात. ‘तुम्ही दमलात, उरलेली मी करतो’ असे म्हणणारा घरात नेहमीच कोणीतरी असतो.

निवृत्त केंद्राध्यक्ष

अट योग्य आहे. मात्र ही मागणी जिल्हाधिकारी किंवा आयुक्तांकडे नेऊन उपयोग नाही. नमुना १२-ड ही भारत निवडणूक आयोगाच्या निवडणुकांची तरतूद आहे, तर महापालिकांच्या निवडणुका संविधानाच्या अनुच्छेद २४३-यक नुसार राज्य निवडणूक आयोग घेतो. निवेदन तिकडे द्यावे लागेल आणि नियमात बदल राज्य शासनाकडे मागावा लागेल. पुढची निवडणूक लागल्यावर ही धावपळ करू नये. तेव्हा कोणी ऐकून घेत नाही.

जोडभावीकर

८५ वर्षांवरील आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पथक, एवढ्यापुरते निवेदन असेल तर नाइलाजाने का होईना, मी सही करीन. भेटीची यादी सर्व उमेदवारांना आधी मिळावी हे त्यात लिहा. बाहेरगावच्या मतदारांचा एक शब्दही त्यात आला, तर माझे नाव त्यातून काढा.

वाकडमधला सोलापूरकर

माझे वडील याच वर्षी ८५ पूर्ण करतात, त्यामुळे सही माझीही घ्या. बाहेरगावच्यांचा धागा मी वेगळा काढतो.