शहर कोण चालवतं हे नुसते मंजूर ठराव बघून कळतं का?

रानवारा:
शहरी राजकारणावरचं संशोधन वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. रॉबर्ट डाल या राज्यशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या न्यू हेवन शहराचा अभ्यास केला, पुस्तक १९६१ चं. पुनर्विकास, शाळा आणि पक्षांची उमेदवारी असे तीन विषय घेतले, कुणी काय मांडलं, कुणाचं चाललं, कुणाचं पडलं ते तपासलं आणि निष्कर्ष काढला की एकच टोळकं सगळीकडे नाही, दर विषयात वेगळी माणसं आहेत. पण जो विषय सभागृहात येतच नाही त्याचं काय? मला तर खरी सत्ता तिथेच दिसते.

मॅथ्यू क्रेन्सनचं १९७१ चं काम बघा. इंडियाना राज्यात ईस्ट शिकागो आणि गॅरी ही शेजारशेजारची शहरं, दोन्हीकडे पोलादाचे कारखाने, दोन्हीकडे धूर. ईस्ट शिकागोने १९४९ मध्येच हवा प्रदूषणाविरुद्ध नियम केला, गॅरीत १९६२ उजाडलं. कारण काय, तर गॅरी म्हणजे यूएस स्टील या पोलाद कंपनीचंच गाव, आणि कंपनी उघड विरोधही करत नव्हती नि पाठिंबाही देत नव्हती, गप्प होती बस. तिच्या दबदब्यानेच विषय वर आला नाही. डालची पद्धत लावली तर तुमच्या वहीत कंपनीचं नावसुद्धा येणार नाही!

सरळरेघ:
अजिबात पटलं नाही. जे घडलंच नाही त्याचा पुरावा कसा देणार? लोकांना धुरापेक्षा नोकरीची काळजी जास्त असेल, मग तो दबाव की त्यांची स्वतःची निवड? याआधी फ्लॉइड हंटरने अटलांटात जाणकारांना विचारून बड्या लोकांची यादी केली (१९५३), पण त्यातून कळतं ते कुणाचं वजन आहे असं लोकांना *वाटतं* एवढंच. निदान डालचे दाखले कुणीही परत तपासू शकतं.

रानवारा:
तपासले की! विल्यम डॉमहॉफने न्यू हेवनचीच कागदपत्रं पुन्हा काढली, १९७८ मध्ये पुस्तक आलं, आणि पुनर्विकासात व्यापारी मंडळी आणि तिथलंच येल विद्यापीठ यांचा हात डालने दाखवला त्यापेक्षा बराच मोठा निघाला. म्हणजे ठरावापर्यंत गोष्ट पोचेस्तोवर अर्धं काम आधीच झालेलं असतं.

मधलीफळी:
दोघंही 'कोणाची हुकूमत' यातच अडकलात. क्लॅरेन्स स्टोनने अटलांटाचा १९४६ ते १९८८ असा मोठा काळ घेतला आणि प्रश्नच बदलला: काम करून घ्यायची ताकद येते कुठून? नुसती मतं पुरत नाहीत, पैसा आणि संस्था उद्योगपतींकडे असतात, म्हणून निवडून आलेल्यांना त्यांच्याशी टिकाऊ युती करावी लागते. मेनार्ड जॅक्सन १९७३ ला वस्त्यांच्या पाठिंब्यावर तिथले महापौर म्हणून निवडून आले तरी व्यापाऱ्यांशी जुळवून घ्यावंच लागलं त्यांना.

रानवारा:
मान्य, पण त्या युतीबाहेर कोण राहिलं हे कोण लिहिणार? मला अभ्यासकांकडून एवढंच हवंय की सभेच्या इतिवृत्तासोबत समितीत अडकलेले अर्ज, परत गेलेली निवेदनं, विषयपत्रिकेतून गाळलेले मुद्दे पण गोळा करा आणि दुसऱ्या शहराशी ताडून बघा.

सरळरेघ:
हे चालेल. अर्ज आला आणि अडला, हा पुरावा झाला. पण अर्जच आला नाही तिथे मी 'दबाव होता' असं लिहिणार नाही.

रानवारा:
आणि शेजारच्या शहरात तोच अर्ज १३ वर्षं आधी आला असेल तर? तरीही नाही लिहिणार?