लहान मुलांच्या घरात संध्याकाळच्या जेवणाचे नियोजन आठवडाभर कसे टिकवावे?

दोन_डबे:
नमस्कार. आम्ही पुण्यात राहतो. मी आणि नवरा दोघेही नोकरी करतो आणि घरात साडेपाच वर्षांची मुलगी व दीड वर्षाचा मुलगा आहे. सकाळचे निभावते, कारण पोळ्यांसाठी मावशी येतात आणि एखादी भाजी व वरण-भात डब्यांपुरता होऊन जातो. अडचण आहे ती संध्याकाळची. पाळणाघरातून मुलांना घेऊन घरी पोहोचेपर्यंत सात वाजतात, तोवर दोघेही भुकेने किरकिरे झालेले असतात आणि ‘आता काय करू’ हा प्रश्न तेव्हा कुठे माझ्यासमोर उभा राहतो. शेवटी झटपट नूडल्स होतात किंवा बाहेरून काहीतरी मागवले जाते.

रविवारी बसून सात दिवसांचा तक्ता लिहिते; तो बुधवारपर्यंत कसाबसा चालतो आणि मग मोडतो. शिवाय मुलीला भात आणि बटाटा सोडून काही नको असते, धाकटा जेवण टाळून बाटलीतले दूध मागतो, आणि मग तिघाचौघांसाठी तीन प्रकार करण्याची वेळ येते. ज्यांनी हे वय पार केले आहे त्यांनी कृपया सांगावे: तक्ता टिकेल असा कसा करायचा? मुलांसाठी वेगळा स्वयंपाक खरोखर लागतो का? आणि काय आधी करून ठेवलेले चालते, काय नाही?

माजघर:
तक्ता मोडतो, कारण त्यात पदार्थ ठरवलेले असतात. ‘बुधवारी पालक-पनीर’ असे लिहिले की पालक नीट मिळाला नाही, पनीर संपले किंवा ऑफिसातून निघायला उशीर झाला, यांपैकी एक गोष्टसुद्धा तो उधळायला पुरते. त्याऐवजी प्रत्येक वाराला एक डाळ किंवा कडधान्य बांधून टाकावे आणि पदार्थ त्या दिवशीच्या वेळेवर व अंगातल्या बळावर सोडावा. आमच्याकडे सोमवार मुगाचा असतो: हाताशी वेळ असेल तर उसळ, नसेल तर पातळ खिचडी, आणि मूग सकाळीच भिजवलेले असल्यामुळे मनात आले तर वाटून धिरडीसुद्धा. ऑफिसात ज्या दिवशी हमखास उशीर होतो त्या दिवशी मसुराची डाळ ठेवावी, कारण ती भिजवावी लागत नाही. मटकीला मात्र आदल्या दिवसापासून लक्ष द्यावे लागते. रात्रभर भिजवून, सकाळी उपसून फडक्यात बांधली की उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात आणि थंडीत आणखी एक रात्र लागते. एक वार पिठल्याचा आणि अंडी खात असाल तर एक अंड्यांचा. शुक्रवार मी मुद्दाम मोकळा ठेवते. त्या दिवशी उरल्यासुरल्याची फोडणीची पोळी किंवा फोडणीचा भात होतो आणि त्यात उरलेल्या भाज्याही संपतात. डाळ ठरली की धान्य आणि भाजी जी घरात असेल ती तिच्या बाजूला बसते. पानात एक धान्य, एक डाळ, एक भाजी आणि थोडे दही आले की त्या दिवसापुरते काम झाले असे समजावे.

दुसरी गोष्ट आगाऊ तयारीची. रविवारी पाच दिवसांच्या भाज्या शिजवून डबे भरून ठेवण्याची जी पद्धत हल्ली सगळीकडे दाखवतात, ती आपल्या जेवणाला फारशी मानवत नाही असे माझे स्पष्ट मत आहे. भेंडी, दोडका, पालेभाजी यांना दुसऱ्या दिवशी चवही राहत नाही आणि रूपही राहत नाही, आणि आधीच नाक मुरडणाऱ्या मुलापुढे ती ठेवली की त्याला नकाराचे चांगले कारण मिळते. तयारी कच्च्या मालाची करावी. लसूण सोलून ठेवावा, गवार आणि घेवडा निवडून ठेवावा, नारळ खवून लहान लहान वाट्यांत फ्रीजरमध्ये ठेवावा, शेंगदाण्याचा कूट आठवड्यापुरताच करावा. पालेभाजी निवडून, कोरडी असताना स्वच्छ सुती फडक्यात गुंडाळून ठेवली तर तीन-चार दिवस टिकते आणि करायच्या वेळी धुता येते. ती वर्तमानपत्रात गुंडाळू नये. छपाईच्या शाईमुळे अन्नपदार्थांसाठी वर्तमानपत्र वापरू नये असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बजावलेले आहे. कांदा-टोमॅटो परतून केलेले वाटण फ्रीजमध्ये तीन दिवस चांगले राहते. कच्चा कांदा मात्र चिरून ठेवू नये, सगळ्या फ्रीजला वास लागतो.

खरे म्हणजे आगाऊ तयारी आपल्या घरांना नवी नाही. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, नाचणीचे सत्त्व, सांडगे हे सगळे त्यासाठीच तर करून ठेवत असत. भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद हे सगळे आधीच भाजून दळलेले असते. त्यात दुधी किंवा गाजर किसून घातले आणि कोथिंबीर घातली की वीस मिनिटांत पूर्ण जेवण होते आणि भाजी वेगळी दिसत नसल्यामुळे तुमच्या मुलीशी वादही होत नाही. अर्थात, भाजी लपवणे हा कायमचा उपाय नव्हे. धाकट्यासाठी मऊ भात, तूप आणि मेतकूट यांच्या तोडीचे झटपट जेवण मला तरी अजून कोणी दाखवलेले नाही.

वेगळा स्वयंपाक करू नये. कुकरमध्ये तळाशी डाळ, मधल्या डब्यात भात आणि वरच्या डब्यात गाजर, बीट किंवा रताळे लावले की धाकट्याचे जेवण त्यातूनच निघते. उसळ करताना हळद, हिंग आणि बेताचे मीठ घालून शिजवावी, मुलांच्या वाट्या बाजूला काढून त्यांवर तूप-जिऱ्याची फोडणी द्यावी आणि मग उरलेल्या उसळीत तिखट व गोडा मसाला घालावा. पातेले एक, जेवणे दोन.

पानभर:
मी बालकांच्या आहाराच्या क्षेत्रात काम करते, म्हणून नियोजनाऐवजी पानात काय असावे आणि काय टाळावे याबद्दल थोडे लिहिते.

सर्वांत आधी दुधाबद्दल. दीड वर्षाच्या मुलाला दिवसाला साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर दूध पुरेसे असते. त्याहून बरेच जास्त दूध पोटात गेले की जेवणाची भूक मरते, आणि दुधात लोह जवळजवळ नसल्यामुळे मूल दिसायला गुटगुटीत पण रक्ताने कमी असे होऊ शकते. हा धोका दूरचा नाही: २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण देशात सुमारे ६७ टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे ६९ टक्के आढळले होते. या वयात बाटली बंद करून दूध पेल्यातून आणि जेवण झाल्यावर द्यावे. बाटली गेली की दुधाचे प्रमाण बहुधा आपोआप खाली येते. रक्तक्षयाची शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. लोहाचे औषध मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

डाळी, कडधान्ये आणि पालेभाज्या यांतले लोह शरीरात कमी शोषले जाते, परंतु त्याच जेवणात लिंबू, पेरू, आवळा किंवा कच्च्या टोमॅटोची कोशिंबीर असली तर ते चांगले शोषले जाते. वरणावर लिंबू पिळण्याची आपली सवय म्हणून मोलाची आहे. मोड आणणे आणि आंबवणे यांनीही लोह शोषणाला मदत होते, तेव्हा माजघर यांची मटकी त्रासदायक असली तरी सोडू नये. कॅल्शियमसाठी सगळा भार दुधावर टाकण्याचे कारण नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते.

मुलगी भात आणि बटाट्यापलीकडे जात नाही, हे या वयात फार सर्वसाधारण आहे. नवा पदार्थ स्वीकारण्यापूर्वी मुलाला तो आठ-दहा किंवा त्याहूनही जास्त वेळा पानात दिसावा लागतो, आणि बहुतेक घरांत तिसऱ्या नकारानंतर तो करणेच बंद होते. अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी कामाची जी विभागणी सांगितली आहे ती मला व्यवहारात सर्वाधिक उपयोगी वाटते: काय, केव्हा आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, हे मुलाने ठरवावे. प्रत्येक पानात तिला आवडणारा एक पदार्थ असावा, म्हणजे ती उपाशी उठणार नाही, आणि त्याच्या शेजारी चमचाभर नवी भाजी असावी. त्या भाजीबद्दल एक अक्षरही बोलू नये. ‘हे संपव, मग ते मिळेल’ असे म्हटले की भाजी शिक्षा ठरते आणि गोड बक्षीस.

शिळ्या अन्नाबाबत भाताची विशेष काळजी घ्यावी. तांदळात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवूनही मरत नाहीत, आणि भात तासन्‌तास ओट्यावर राहिला तर त्यातून तयार होणारे एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. भात पसरून लवकर गार करावा, तासा-दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी संपवावा आणि एकदाच, वाफ येईपर्यंत गरम करावा. शुक्रवारच्या फोडणीच्या भाताला हाच नियम लागू आहे. शिवाय धाकट्याला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे आणि कच्च्या गाजराचे तुकडे देऊ नयेत. घशात अडकण्याचा धोका असतो. कूट, किसलेले किंवा उकडून मऊ केलेले चालते आणि द्राक्षे उभी चिरून द्यावीत.

खालच्या_मजल्यावरचा:
वरचे सगळे पटले, पण मूळ प्रश्नातले एक वाक्य कोणी उचलले नाही. ‘आता काय करू हा प्रश्न माझ्यासमोर उभा राहतो’ असे ताईंनी लिहिले आहे. तो ‘आमच्यासमोर’ का उभा राहत नाही? भाजी आणणे, चिरणे, कुकर लावणे ही कामे नवरे हल्ली करतात (मीही करतो), पण काय आणायचे आणि कशाला भिजत घालायचे हे लक्षात ठेवण्याचे काम बहुतेक घरांत एकाच डोक्यात राहते, आणि ते डोके दमले की तक्ता मोडतो. आमच्याकडे वारांची यादी फ्रीजवर लावली आहे आणि भिजवण्याचे काम पूर्णपणे माझे आहे. ‘पूर्णपणे’ याचा अर्थ असा की कोणी आठवण करून देत नाही. विसरलो तर त्या संध्याकाळी काय करायचे हेही मीच निस्तरतो. मदत मागावी लागणे हेसुद्धा कामच आहे. मुलगी साडेपाच वर्षांची आहे, तर मटार सोलणे, कोथिंबीर निवडणे, दोन भाज्यांतून एक निवडणे ही कामे तिलाही देता येतील. स्वतः सोललेले मटार न खाणारी मुले मी फार थोडी पाहिली आहेत.

राइनकाठ:
आम्ही जर्मनीत असतो. रविवारी इथे किराणा दुकाने बंद असतात, त्यामुळे शनिवारी आठवड्याचा विचार करण्यावाचून गत्यंतर नसते. माजघर यांच्याशी एका बाबतीत मी थोडी असहमत आहे. भाज्या शिजवून ठेवू नयेत हे मान्य, पण राजमा, छोले, चवळी यांसारखी कडधान्ये मोठ्या कुकरमध्ये नुसत्या मिठाच्या पाण्यात शिजवून, गार करून, एका जेवणापुरत्या डब्यांत फ्रीजरमध्ये ठेवली तर चवीत काडीचाही फरक पडत नाही. सकाळी एक डबा फ्रीजरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवला की संध्याकाळी फक्त फोडणी उरते. डब्यावर तारीख लिहावी, नाहीतर तळाशी गेलेला डबा कोणत्या सणाचा आहे हे कळत नाही. पुण्यात वीज बराच वेळ जात असेल तर मात्र हा साठा बेतानेच ठेवावा.

दोन_डबे:
सर्वांचे मनापासून आभार. वारांची यादी आजच लिहिली आहे आणि भिजवण्याचे खाते नवऱ्याकडे गेले आहे. त्यांनी धागा वाचला, त्यामुळे मला काही बोलावेही लागले नाही. बाटलीबद्दलचे म्हणणेही पटले.

एक शंका उरते. सात वाजता मुले घरी येतात ती बिस्किटांच्या डब्याकडेच धावतात, आणि मग साडेआठला पान वाढले की भूक नसते. या मधल्या दीड तासाचे काय करावे?

माजघर:
तो दीड तास ठेवूच नये. लहान मुलांची जेवायची वेळ सातचीच असते. साडेआठ ही आपली वेळ आहे. पाळणाघरात साडेपाचला काही खायला देत असतील तर काय देतात ते विचारून घ्यावे, आणि देत नसतील तर घरून केळे, उकडलेले रताळे किंवा खजुराच्या पेस्टमधला तिळाचा लाडू डब्यात द्यावा. घरी आल्यावर हात धुऊन त्यांना सरळ पाटावर बसवावे. यासाठी कुकर सकाळीच भरून फ्रीजमध्ये ठेवावा: डाळ धुऊन पाण्यासकट एका डब्यात, तांदूळ धुऊन दुसऱ्यात, भाजी चिरून तिसऱ्यात. दारातून आत आल्यावर जो आधी पोहोचेल त्याने गॅस पेटवावा. शिट्ट्या होईपर्यंत दोघांपुढे काकडी, उकडलेल्या गाजराचे तुकडे किंवा दह्याची वाटी ठेवावी; भुकेच्या त्या दहा मिनिटांत मुले जे खातात ते एरवी विनवण्या करूनही खात नाहीत, म्हणून तिथे भाजीच असावी. मुलांबरोबर तुम्ही दोघांपैकी एकाने तरी दोन घास जेवावेत. बिस्किटे घरात आणणे बंद करता येत नसेल तर निदान तो डबा त्यांच्या नजरेपुढून हलवावा, आणि ती शनिवारी दुपारी, जेवणापासून लांबच्या वेळी, न मागता द्यावीत.