मदत हवी आहे: केंब्रिजला कॉलेज कसं निवडायचं?

नमस्कार मंडळी. लेकीला केंब्रिजला गणितासाठी अर्ज करायचा आहे. शेवटची तारीख ऑक्टोबरच्या मध्यावर, आणि आम्ही अजून कॉलेजच्या नावावरच अडलोय. एकतीस कॉलेजं! लेक्चर सगळ्यांना एकत्र, पदवी विद्यापीठाची, हे कळलं. पण राहणं, जेवण आणि दोघा-तिघांना बसवून गणितं तपासून देतात ती सुपरव्हिजन, हे कॉलेज बघतं. म्हणजे तीन वर्षं घर तेच की.

आमच्या आजेसासूबाईंचा हट्ट सेंट जॉन्सचा, कारण रँग्लर परांजपे तिथले, १८९९ चे सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले. नवऱ्याला ट्रिनिटी हवं. रामानुजन तिथे होते, पुढे बोलायलाच नको. लेकीला मात्र धास्ती आहे की तिथे सगळे ऑलिम्पियाडवाले, आपण कोपऱ्यात पडू. तिच्या वहीत गर्टनपुढे लिहिलंय, 'लांब, पण माणसं बरी?' त्या प्रश्नचिन्हावर आमचं घोडं अडलंय. जयंत नारळीकर फिट्झविल्यमचे, म्हणून तेही यादीत आहे.

तिथे शिकलेल्यांनी खरं सांगा: मोठ्या नावाच्या कॉलेजात माणसं खरंच तुटक असतात, की ही नुसती हवा? गर्टनहून सायकलने रोज चारेक किलोमीटर, हिवाळ्यात जमतं का? मुलगी शाकाहारी आहे आणि पटकन बोलणारी नाही. कॉलेज न निवडता 'ओपन' अर्ज केला तर पुढे पस्तावतात का? आणि स्टेप या गणिताच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीबद्दलही कुणी दोन शब्द सांगितले तर उपकार होतील.