मदत हवी आहे: ४ फुटी समुद्री टाकीच्या सम्पला रिटर्न पंप किती लिटरचा? ओव्हरफ्लोला भोकं किती?

खारट_बडोदा: दांडिया बाजारात, तळमजल्यावर टाकी बसवतोय. टाकी १२० × ६० × ६० सेंमी, पाण्याची पातळी ५७ ला. सम्प (टाकीखालची गाळणीची टाकी, यातून रिटर्न पंप पाणी परत वर टाकतो) ९० × ४५ × ४५, स्टँड ८० सेंमी. मागे बाहेरून ४० सेंमी रुंद ओव्हरफ्लो बॉक्स (टाकीतलं वरचं पाणी यात पडून ड्रेन पाइपने सम्पला जातं). मऊ प्रवाळ आणि थोडे एलपीएस (मोठ्या पॉलिपचे कडक प्रवाळ) ठेवणार. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) ताशी १८०० लिटर पाणी घेतो. दुकानात सांगितलं की ताशी टाकीच्या दहा पट टर्नओव्हर (सम्पमधून फिरणारं पाणी) लागतो, तेव्हा १०,००० लिटरचा एसी पंप घ्या आणि १ इंची एकच ड्रेन काढा. काचवाल्याला भोकांची मापं शनिवारपर्यंत द्यायची आहेत. प्रवाह किती धरू? आणि लाईट गेली तर सम्प भरून वाहणार नाही ना?

विअर_आणि_वॉल्व्ह: दहा पटीचं सोडून द्या. प्रवाळांना लागणारी हालचाल वेव्हमेकर (टाकीतच बसणारे प्रवाह पंप) देतात, ते काम रिटर्न पंपाचं नाही. सम्पमधून पाणी जातं ते स्किमर, हीटर, चिलरसाठी. दगड-वाळू वजा जाता तुमच्याकडे ३७० लिटरच्या आसपास पाणी राहील. ताशी २२०० लिटर म्हणजे जवळपास सहा पट, आणि स्किमरच्या भुकेपेक्षा थोडं जास्त. एवढं पुरे.

जास्त सोडलंत तर बुडबुडे टाकीत येतील. ४५ सेंमी रुंद बॅफलखाली (सम्पचे कप्पे पाडणाऱ्या काचेखाली) ३ सेंमी फट असेल तर २२०० ला पाण्याचा वेग सेकंदाला साडेचार सेंमी पडतो, ५००० ला दहाच्या वर. त्या वेगात बारीक बुडबुड्यांना वर यायला वेळच मिळत नाही.

बऱ्याच जणांचा समज असतो की मोठा ओव्हरफ्लो केला की प्रवाह वाढतो. तसं नसतं. पंप जेवढं वर टाकेल तेवढंच खाली येणार. ओव्हरफ्लोची क्षमता पंपापेक्षा भरपूर जास्त हवी, एवढीच अट.

विअरचं (ज्या काठावरून पाणी बॉक्समध्ये पडतं त्याचं) गणित: प्रवाह (घनमीटर प्रति सेकंद) = १.८४ × रुंदी × पाण्याच्या उंचीचा दीड घात, मापं मीटरमध्ये. ४० सेंमी सपाट विअरवर २२०० लिटरला पाणी ०.९ सेंमी चढतं. दात कापून निम्मी रुंदी अडवलीत तर १.४. दोन्ही चालतील, पण दात असले की लहान मासे बॉक्समध्ये घसरत नाहीत.

भोकं तीन काढा, तिन्ही १ इंची पाइपच्या बल्कहेडची (भोकात बसणाऱ्या जोडाची). पहिली लाइन पूर्ण सायफन (हवा न जाता पाण्याने भरून वाहणारी), तिच्यावर खाली सम्पजवळ गेट वॉल्व्ह. दुसरी उघडी, तिच्यातून पाण्याची बारीक धार सतत जात राहते. तिसरी आपत्कालीन, कोरडी. तिच्यावर वॉल्व्ह कधीच नको. सायफन पाइपचं टोक सम्पच्या पाण्यात फक्त २-३ सेंमी बुडवा. खोल बुडवलं तर सुरुवातीला आतली हवा बाहेर पडत नाही, सायफन धरत नाही आणि बॉक्स गुरगुरत राहतो.

खारट_बडोदा: एकाच पाइपने का भागत नाही? आणि १ इंची गेट वॉल्व्ह हार्डवेअरमध्ये पितळी मिळतोय.

विअर_आणि_वॉल्व्ह: पितळी अजिबात नको. पितळेत तांबं असतं. ते खाऱ्या पाण्यात उतरलं की प्रवाळ, कोळंबी, गोगलगाई जातात. यूपीव्हीसीचाच घ्या. बॉल वॉल्व्ह बसवू नका, त्याने सायफन बारीक जुळत नाही. केसभर फिरवला तरी पातळी उडी मारते.

आता एकच पाइप. त्यात गोगलगाय अडकली तर पंप थांबत नाही, रिटर्न कप्पा उपसून वर टाकत राहतो. कप्पा २० सेंमी लांब धरला तर पंप कोरडा पडेपर्यंत साधारण १६ लिटर वर जातात. तुमच्या टाकीत १ सेंमी म्हणजे ७.२ लिटर, म्हणून पातळी २.२ सेंमी चढते. काठ ३ सेंमी वर आहे, निभावलं. पण कप्पा रिकामा झालेला बघून ऑटो टॉप-ऑफ (उडून गेलेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) गोडं पाणी ओतायला लागतो! २० लिटरचा डबा रिकामा झाला की पाणी जमिनीवर, वर क्षारता ढासळलेली. टॉप-ऑफला वेळेची मर्यादा ठेवाच.

पाइपवाले_काका: पंपाबद्दल. डब्यावरचे १०,००० हे शून्य उंचीचे असतात. उंची मोजायची ती सम्पच्या चालू पातळीपासून टाकीच्या पातळीपर्यंत, पंपापासून नव्हे. तुमची साधारण १.१ मीटर भरते. १ इंची पाइप, चार एल्बो, एक वॉल्व्ह आणि नोझल यांचं घर्षण २२०० ला आणखी ०.६-०.७ मीटर. एकूण पावणेदोन. पंपाचा आलेख पाहा, १.७५ मीटरला २५०० ते ३००० लिटर देणारा डीसी पंप घ्या आणि वेग कमी करून चालवा. पाइप २५ मिमीचा २० करू नका, तेवढ्याच प्रवाहाला पाइपचं घर्षण तिपटीच्या आसपास जातं.

मोठा एसी पंप वॉल्व्हने आवळून चालतो, पण ८०-१०० वॅट दिवसरात्र पाण्यात उष्णता म्हणून उतरतात. बडोद्याच्या मे महिन्यात तीच उष्णता काढायला चिलरचं बिल भराल. चिलरला वेगळा छोटा पंप द्या, रिटर्न लाइनमध्ये घालू नका.

रीफ_अलकापुरी: लाईट जाण्याची एवढी काळजी कशाला, रिटर्नला नॉन-रिटर्न वॉल्व्ह बसवला की झालं.

पाइपवाले_काका: भाऊ, त्या झडपेवर चुन्याचा थर बसला की ती अर्धवट मिटते, आणि हे कळतं ते लाईट गेल्यावरच. नोझलच पृष्ठभागाखाली २ सेंमीवर ठेवा. तेवढंच, म्हणजे १४ लिटर, परत येईल. बॉक्स आणि पाइपमधले ७-८ धरून २२. सम्पमध्ये सेंमीला ४ लिटर, म्हणजे साडेपाच सेंमी वाढ. नोझल ८ सेंमी खाली असेल तर ६५ लिटर येतात आणि सम्पची चालू पातळी २५ सेंमी धरली तर ती थेट ४१ वर.

खारट_बडोदा: कळलं. भोकं टाकीच्या मागच्या काचेला की बॉक्सला?

विअर_आणि_वॉल्व्ह: ड्रेनची बॉक्सच्या तळाला, कडेपासून भोकाच्या व्यासाएवढं तरी अंतर सोडून. काच टफन केलेली नाही ना ते काचवाल्याला आधी विचारा, टफन काचेला ड्रिल लागलं की तिचा चुरा होतो. पहिली चाचणी गोड्या पाण्यावर करा: नोझलखाली २० लिटरची बादली धरा, ३३ सेकंदांत भरली तर २२०० मिळतात. मग सायफन आणि उघडी लाइन हाताने बंद करून बघा. आपत्कालीन पाइपने एकट्याने सगळं पाणी वाहून नेलं तरच मीठ घाला.