सत्तासमतोल की सत्तासंतुलन?

प्रश्न: आंतरराष्ट्रीय संबंधांवरच्या लिखाणात कुठे ‘सत्तासमतोल’ दिसतो, कुठे ‘सत्तासंतुलन’. फरक आहे का? आणि प्राचीन चीनबद्दल लिहिताना हा शब्द चालेल का?

प्रतिसाद: अर्थ एकच. कोणताही घ्या, फक्त एका लेखात दोन्ही नकोत. खरा घोळ वेगळाच आहे. ‘युरोपातला सत्तासमतोल बदलला’ म्हणजे बळाची वाटणी बदलली. ‘ब्रिटनने सत्तासमतोल सांभाळला’ यात ते धोरण झालं: ज्याचं पारडं जड, त्याच्या विरोधकांना जाऊन मिळायचं. आणि नुसतं ‘सत्तासमतोल होता’ म्हटलं की कोणीच वरचढ नाही अशी स्थिती. युरोपात धोरण आणि स्थिती बऱ्याचदा जुळून आली. १७१३च्या उत्रेख्तच्या तहात तर समतोलाचा उल्लेखच आहे. त्यामुळे एक असलं की दुसरं असणारच, असं आपण धरून चालतो.

चीन इथेच उपयोगी पडतो. तिथेही इ.स.पू. पाचव्या ते तिसऱ्या शतकात सात बलाढ्य राज्यं, सततच्या लढाया, रोज बदलणारे मित्र. त्यांतल्या ‘चिन’ नावाच्या राज्याविरुद्ध बाकीच्यांच्या आघाड्याही झाल्या. म्हणजे धोरण होतं. तरी इ.स.पू. २३०मध्ये हान हे राज्य चिनपुढे पडलं, २२१मध्ये शेवटचं छी, आणि सगळं चिनच्या एका सम्राटाच्या हाती गेलं. उलट नेपोलियनविरुद्धच्या आघाड्या कितीदा फुटल्या, तरी १८१५पर्यंत त्याला आवरलंच. इतकं साम्य असून शेवट वेगळा, मग कारण फरकात शोधायचं. चिनने आपला मंत्री शांग यांग याच्या सुधारणांपासून जमीन, करवसुली आणि सैन्यभरती थेट राज्याच्या मुठीत आणली होती, शिवाय शत्रूंच्या दरबारात लाच चारून आघाड्या फोडल्या. युरोपातले बरेच राजे दीर्घकाळ कर्ज काढून भाडोत्री सैनिक ठेवत होते. अर्थात दोनच उदाहरणांवरून नियम बांधू नये. त्यांचा उपयोग ठाम दाव्याला खीळ घालायला.

तेव्हा चीनबद्दल ‘समतोल साधण्याचे प्रयत्न’ म्हणा, ‘सत्तासमतोल होता’ नको.

प्रश्न: आणि कौटिल्याचं मंडल?

प्रतिसाद: ‘अर्थशास्त्रा’तल्या या राज्यांच्या वर्तुळाला सत्तासमतोल म्हणायची घाई सर्रास होते. शेजारी तो अरी म्हणजे शत्रू, त्याच्या पलीकडचा मित्र, ही मांडणी तशी वाटते खरी. पण मधोमध बसलाय विजिगीषू, म्हणजे विजयाची इच्छा धरणारा राजा. त्याला तोल राखायचा नाही, जिंकायचंय. ‘मंडल’च लिहा.